कुटुंबासाठी पाँटून बोट: २० फुटी, २२ फुटी की २४?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात सहा माणसं: तुम्ही दोघं, सहा आणि दहा वर्षांची मुलं, आणि सत्तरी ओलांडलेले आईवडील. वडिलांचे गुडघे दुखतात. कधीमधी भावाचं कुटुंब आलं की दहा जण होतात. बोट पहिलीच, पाणी मध्यम आकाराच्या तलावाचं. विक्रेता २४ फुटी दाखवतोय, मित्र म्हणतो आधी १८ फुटीवर हात बसवा आणि मग मोठी घ्या, तुमचं मन २० आणि २२ मध्ये अडकलंय. शिवाय पाँटून बोट ज्यांवर तरंगते त्या अॅल्युमिनियमच्या बंद नळ्या, म्हणजे ट्यूब, दोन घ्यायच्या की तीन, तेही ठरत नाहीये.

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुम्ही सांगितलंत तेवढ्यावरून माझं मत २२ फुटी, दोन ट्यूबच्या बोटीला आहे. ट्यूबचा व्यास २५ इंच किंवा त्याहून जास्त, मागे ११५ एचपीच्या आसपासचं इंजिन. २० फुटी घेतलीत तरी काही बिघडणार नाही, पण व्यासात तडजोड करू नका. २४ फुटीबद्दल सरसकट नाही म्हणणार नाही. धक्क्यावर दोर धरायला तुमच्याखेरीज आणखी एक हाताशी माणूस दर वेळी असणार आहे का, यावर ते ठरेल. १८ फुटीचा विचार मात्र सोडून द्या.

मी नव्या मालकांना बोट हाताळायला शिकवतो, आणि बरेचदा खरेदीआधी त्यांच्यासोबत बोटी बघायलाही जातो. जवळपास सगळे जण फूट मोजत येतात. लांबी हा एकच आकडा जाहिरातीत ठळक असतो, त्यामुळे त्यांचाही इलाज नसतो. पण तुमचा खरा प्रश्न लांबीचा नाही. नेहमीच्या सुट्टीला बोटीवर कोण असेल, ती माणसं कुठे बसतील आणि दुपारी वारा सुटल्यावर बोट धक्क्याला कोण लावेल, हा तुमचा प्रश्न आहे. भावाचं कुटुंब वर्षातून दोन-चारदा येणार असेल, तर त्या दोन-चार दिवसांसाठी उरलेल्या सगळ्या दिवसांची बोट ठरवू नका.

सुरुवात माणसांच्या आकड्यापासून करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त गफलत होते. बोटीवर क्षमतेची पट्टी असते. त्यावर जास्तीत जास्त किती माणसं, एकूण किती वजन आणि किती एचपीचं इंजिन, हे लिहिलेलं असतं. ढोबळमानाने १८ फुटीवर आठ-नऊ, २० फुटीवर नऊ-दहा, २२ फुटीवर दहा ते बारा आणि २४ फुटीवर बारा ते चौदा असे आकडे दिसतात. हा आकडा म्हणजे वरची मर्यादा. तेवढी माणसं दिवसभर आरामात राहतील, असा त्याचा अर्थ नाही. मी पट्टीवरच्या आकड्याचे दोन तृतीयांश धरतो. म्हणजे पट्टीवर नऊ असेल तर सहा. तेवढ्या माणसांत मुलाला आडवं व्हायला जागा उरते, ओले टॉवेल कुठेतरी टाकता येतात आणि आजी-आजोबांना सावलीतली जागा धरून ठेवता येते.

माणसांच्या आकड्यापेक्षा वजनाचा आकडा जास्त महत्त्वाचा. ६ मार्च २००४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर बंदरात ‘लेडी डी’ नावाची ३६ फुटी प्रवासी पाँटून बोट अचानक आलेल्या जोराच्या वाऱ्यात उलटली. बोटीवर २५ जण होते, पाच जण दगावले. माणसं परवान्याच्या आकड्यापेक्षा जास्त नव्हती. चौकशीत निघालं की तो आकडाच जास्त होता. एक कारण स्थिरतेच्या चाचणीतल्या चुकीचं होतं. दुसरं असं, की हिशेब माणशी १४० पौंडांनी, म्हणजे साधारण ६४ किलोंनी केला होता आणि त्या दिवशी बोटीवरच्या माणसांची सरासरी १६८ पौंड, म्हणजे ७६ किलोंच्या घरात होती. पुढे २०११ मध्ये तिथल्या तटरक्षक दलाने प्रवासी बोटींसाठी माणशी १८५ पौंड, म्हणजे सुमारे ८४ किलो धरायला सुरुवात केली. हा नियम धंद्याच्या बोटींचा आहे, घरगुती बोटीला तो लागू नाही. पण हिशेबाची रीत घरच्यांनीही तीच ठेवावी. डोकी मोजून थांबू नका, किलो मांडा.

तुमचेच मांडू. चार मोठी माणसं सरासरी ७५ किलो धरली तर ३००. दोन मुलं मिळून पन्नासेक. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे शंभर लिटरच्या भरल्या टाकीचे ७५ किलो. नांगर, दोर, लाइफ जॅकेट, बॅटरी, पिण्याचं पाणी, बर्फपेटी, पिशव्या, मुलांची फुगवायची खेळणी हे सगळं सहज ८०-१०० किलो होतं. म्हणजे सहा जणांच्या साध्या दिवसाला पाचशेच्या वर, आणि भावाचं कुटुंब आलं की आठशेच्या आसपास. इंजिनचं वजन वेगळं. पट्टीवरच्या वजनात काय काय धरलंय हे विक्रेत्याकडून समजून घ्या. एक आकडा फक्त माणसांचा, दुसरा माणसं, इंजिन आणि सामान मिळून, असे दोन्ही आकडे एकाच पट्टीवर असतात आणि लोक हवा तो वाचतात.

आता ट्यूब. पाँटूनचा सगळा जोर अॅल्युमिनियमच्या त्या नळ्यांत आहे. डेक, सोफे, छत हा सगळा वरचा संसार. बाजारात २३, २५ आणि २७ इंच व्यासाच्या ट्यूब जास्त दिसतात. व्यास दोन इंचांनी वाढला तर काय होणार, असं वाटतं. गणित वेगळं सांगतं. नळीत मावणारं आकारमान व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे २३ वरून २५ वर गेलं की तेवढ्याच लांबीत १८ टक्के जास्त तरंगशक्ती मिळते. २० फुटी बोटीच्या दोन ट्यूब अर्ध्या बुडाल्यात असं धरलं, तर व्यासाचे हे दोन इंच जवळजवळ ३०० किलो जास्त पेलतात. त्याउलट व्यास २३ इंचच ठेवून लांबी २० वरून २२ फूट केली तर जास्तीचे १६० किलोच्या आसपास मिळतात. त्यातूनही वाढलेल्या डेकचं, कठड्याचं आणि सोफ्यांचं वजन वजा करायचं. म्हणजे वजन पेलण्याच्या बाबतीत दोन इंच दोन फुटांना भारी पडतात. २३ इंची २२ फुटी आणि २५ इंची २० फुटी एकाच किमतीत समोर आल्या, तर तुमच्या माणसांसाठी मी दुसरी उचलेन.

‘अर्ध्या बुडालेल्या’ असं मी मुद्दाम म्हटलं. नळी गोल असते. अर्ध्यापर्यंत बुडेस्तोवर पाण्याला टेकलेला तिचा पट्टा रुंद होत जातो, त्यामुळे प्रत्येक जास्तीच्या किलोला ती थोडं थोडंच खाली जाते. अर्ध्याच्या पुढे तोच पट्टा अरुंद व्हायला लागतो आणि तेवढंच वजन बोटीला जास्त खाली नेतं. बोट पाण्यात उभी असताना धक्क्यावर उकिडवे बसा आणि ट्यूबकडे आडवं बघा. घरची सगळी माणसं आणि सामान चढल्यावर पाण्याची रेघ ट्यूबच्या मध्यावर किंवा त्याखाली असेल तर बोट तुमच्या मापाची आहे. मध्याच्या बरीच वर असेल तर पट्टीवर काहीही लिहिलेलं असो, ती बोट तुम्हाला लहान आहे.

मग लांबीचा उपयोग कशाला? मुख्य म्हणजे पुढे-मागे डोलणं कमी व्हायला. बोटींची रुंदी सहसा साडेआठ फुटांवर अडकते, कारण पाँटूनचं माहेर अमेरिका आणि तिथल्या रस्त्यांवर खास परवान्याशिवाय ट्रेलरवरून नेता येणारी रुंदी तेवढीच. त्यामुळे २०, २२, २४ या तिन्ही बोटी समोरून बघितल्या तर सारख्याच दिसतात, वाढते ती फक्त लांबी. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली दाबली जाऊ नये म्हणून बोट जो विरोध करते तो लांबीच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. २० च्या मानाने २२ फुटी एक तृतीयांश जास्त विरोध करते, २४ फुटी पाऊणपट जास्त. कागदावरचं हे गणित पाण्यात लगेच जाणवतं. काहीतरी बघायला पाच जण एकदम पुढे धावले की २० फुटीची नाळ स्पष्ट झुकते, २४ फुटी जेमतेम मान हलवते.

हे झुकणं गमतीचं नाही. पाँटूनचा पुढचा डेक सपाट असतो, साध्या बोटीसारखी वर उचललेली, पाणी कापणारी नाळ तिला नसते. पुढे पाच-सहा जण बसलेले, समोरून मोठ्या बोटीची लाट आली आणि घाबरून चालवणाऱ्याने वेग एकदम तोडला, की नाळ खाली जाते आणि लाट सरळ डेकवर चढते. नवे चालक हे हमखास करतात, कारण गाडी चालवताना धोका दिसला की ब्रेक मारायची सवय पायात भिनलेली असते. लाट येताना दिसली की वेग आधीच, हळूहळू कमी करा, पुढची माणसं मागे बोलवा, लाट थोडी तिरकी घ्या आणि नाळ वर राहील एवढा जोर इंजिनला चालू ठेवा. बोट २० फुटी घेतलीत तर पुढच्या सोफ्यांवर एका वेळी चारांपेक्षा जास्त जण नकोत, असा घरचा नियम करा. २२ फुटीवर थोडी मोकळीक मिळते. तुमच्या घरात धावणारी मुलं आहेत, म्हणून माझा कल २२ कडे जायला हे मोठं कारण आहे.

जागेचाही एक बारकावा आहे. मागचं इंजिन, शिडी आणि पोहायला उतरायची फळी, पुढे कठड्याबाहेरचा छोटा डेक, हे सगळं जवळपास सारखीच जागा खातं, बोट १८ ची असो की २४ ची. साधारण सहा फूट त्यात जातात असं धरा. म्हणजे १८ फुटीत बसण्या-वावरण्याला १२ फूट, २० फुटीत १४, २२ फुटीत १६. १८ फुटी आणि २२ फुटीत लांबीचा फरक २२ टक्के असला तरी राहण्याच्या जागेतला फरक ३३ टक्के होतो. शिवाय जाहिरातीतला आकडा कशाचा, ते विचाराच. कुणी डेकची लांबी सांगतं, कुणी मागच्या फळीसकट एकूण. ट्यूब डेकपेक्षा आखूड असू शकते, आणि पाण्याला फक्त ट्यूबची लांबी कळते.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण ज्यावर पहिलं वर्ष गोडीत जाईल की कटकटीत ते ठरतं, ती गोष्ट: धक्क्याला बोट लावणं. पाँटूनचं बूड पाण्यात फार खोल नसतं आणि वर कठडे, छत असा मोठा उभा पत्रा वाऱ्यापुढे असतो. वेग कमी केला की सुकाणूचा जोरही जातो, कारण आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनला, वळवण्याची ताकद पंख्याने ढकललेल्या पाण्यातूनच येते. अशा वेळी आडवा वारा बोटीला पत्त्यासारखा सरकवतो. चालकाची जागा बहुधा उजवीकडे असते, त्यामुळे डावा पुढचा कोपरा, म्हणजे नेमका जो धक्क्याला घासतो तो, बसल्या जागेवरून नीट दिसत नाही. २० फुटी ओढून जवळ आणायला एका माणसाचा हात पुरतो. २४ फुटी, तीन ट्यूबची, छत उघडलेली बोट वाऱ्यात आवरायला दोघं लागतात, आणि त्यातल्या एकाला दोर कुठे, कधी अडकवायचा हे कळलेलं असावं लागतं. तुमच्यासोबत मुलं आणि आईवडील असतात. म्हणजे हाताशी पत्नी, आणि तिचं अर्धं लक्ष धाकट्याकडे. म्हणून सुरुवातीला मी २४ फुटीबद्दल ‘यावर ते ठरेल’ म्हटलं. दोघंही जण आठवडाभर नुसता धक्क्याला लावण्याचा सराव करणार असाल तर २४ फुटीही अंगवळणी पडते. एक साधी सवय लावून घ्या: धक्क्याकडे येण्याआधी छत खाली करा, आणि जमेल तिथे वाऱ्याच्या तोंडाने या, पाठीवर वारा घेऊन येऊ नका.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर तुमच्या सहा जणांना जागेसाठी २० पुरते, डोलण्यासाठी २२ बरी, वजनासाठी लांबीपेक्षा व्यास मोलाचा, आणि २४ चा अडसर पाण्यावर नसून धक्क्यावर आहे.

तीन ट्यूबचं काय? तिसरी ट्यूब घेतली की तरंगशक्ती थेट दीडपट होते, वळताना बोट बाहेरच्या अंगाला कमी कलते आणि मोठं इंजिन लावता येतं. तुमचा तलाव लांबच लांब उघडा असेल, दुपारी वाऱ्याने फूटभर लाटा उठत असतील, किंवा मुलांना पाण्यावर वेगाने ओढायचं असेल, तर ट्रायटून, म्हणजे तीन ट्यूबची बोट, घ्याच, आणि मग २२ फुटीच घ्या. ओढण्यातही फरक आहे. फुगवलेल्या रबरी चकतीवर मुलं बसवून ओढायला ताशी २५-३० किलोमीटर पुरतात, तेवढं ९०-११५ एचपीची दोन ट्यूबची बोट आरामात देते. पायात स्की बांधून उभं राहायचं तर चाळिशीच्या पुढे वेग लागतो, तोही माणसांनी भरलेल्या बोटीवर. तिथे तीन ट्यूब, ट्यूबखाली पाणी कापून बोट वर उचलणाऱ्या पट्ट्या आणि १५० एचपी किंवा जास्त, हा जोड लागतो. मुलं अजून सहा आणि दहाची आहेत. दहावाला चार वर्षांनी स्की मागेल, हे खरं. पण चार वर्षांनंतरच्या हौसेचं वजन, पेट्रोल आणि मोठा ट्रेलर आजपासून वागवायचा का, हे तुम्ही ठरवा. मी नसता वागवला.

पेट्रोलचा अंदाज सोपा आहे. चार-स्ट्रोक आउटबोर्ड पूर्ण जोरात एचपीच्या दहाव्या भागाइतके अमेरिकी गॅलन तासाला पितं. म्हणजे ९० एचपी तासाला नऊ गॅलन, सुमारे ३४ लिटर. १५० एचपी पंधरा गॅलन, सुमारे ५७ लिटर. निवांत फेरफटक्याला याच्या निम्म्याहून कमी. पण उलटी चूकही करू नका. पैसे वाचवायला २२ फुटीला ५० एचपी लावलं, की दहा माणसांसह ते इंजिन सतत शेवटच्या टोकाला चालतं, आवाज डोकं उठवतो आणि वाऱ्याविरुद्ध परत येताना जीव मेटाकुटीला येतो. पट्टीवरच्या कमाल एचपीच्या दोन तृतीयांशाच्या खाली मी सहसा जाऊ देत नाही.

बोट कुठे ठेवणार, हे तुम्ही लिहिलं नाहीत. कायम पाण्यात, भाड्याच्या जागेत ठेवणार असाल तर ती जागा आधी मोजा. ‘२२ फुटी’ बोट इंजिन आणि मागच्या फळीसकट दोन-तीन फूट जास्त भरते. दर वेळी ट्रेलरवरून आणणार असाल तर गाडीची ओढण्याची क्षमता बघा. २२ फुटी दोन ट्यूबची बोट, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून दीड टनाच्या पुढे सहज जातं, मोठी ट्रायटून दोन टन ओलांडते. आणि तलावाचे नियम पाहा. काही ठिकाणी एचपीवर मर्यादा असते, काही ठिकाणी लांबीवर, आणि मग हे सगळं गणित तिथेच संपतं.

तुमच्या मित्राचं ‘आधी १८ वर शिका’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, कारण लहान बोट हाताळायला सोपी असते. पण तुम्ही एकटे शिकणार नाही आहात, बोटीवर सहा जण असणार. १८ फुटीवर सहा जण म्हणजे ती जवळजवळ भरलेली बोट, आणि भरलेली लहान बोट नवख्याच्या चुका पोटात घालत नाही. शिकायचंच असेल तर १८ फुटी भाड्याने घ्या, दोघंच जा, तासभर फक्त धक्क्याला लावा आणि सोडा. नंतर २२ फुटी भाड्याने घेऊन सगळ्यांना न्या, आणि शक्यतो दुपारी न्या. तलावावरची सकाळ सगळ्याच बोटींना चांगली दाखवते.

चाचणी फेरीला विक्रेता आणि तुम्ही दोघंच गेलात तर त्यातून काही कळत नाही. सहाही जणांना न्या, टाकी भरलेली ठेवायला सांगा. उभ्या बोटीत सगळ्यांना मागच्या शिडीपाशी बोलवा आणि तो कोपरा किती दबतो ते बघा, कारण पोहून वर येताना सगळे तिथेच गोळा होतात. मग सगळ्यांना पुढे न्या, पुन्हा बघा. बोट पूर्ण वेगात आणून सावकाश थांबवा आणि मागून स्वतःचीच लाट येऊन बोटीला कशी ढकलते, नाळ किती खाली जाते ते पाहा. जुनी बोट बघत असाल तर ती रिकामी असताना एका अंगाला कलतेय का हे नीट बघा. ट्यूब आतून बंद कप्प्यांत विभागलेली असते, आणि एखाद्या कप्प्यात पाणी शिरलं असेल तर बोट ते लपवू शकत नाही. ट्रेलरवर असेल तर ट्यूबच्या खालच्या बाजूचे पोचे आणि जोडावरची डागडुजी हाताने चाचपा.

मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट कडक ठेवा. पुढच्या कठड्याबाहेर जो छोटा डेक असतो तिथे पाय सोडून बसायला मुलांना फार आवडतं, आणि मोठी माणसंही फोटोसाठी बसवतात. बोट चालू असताना तिथे कुणीही नको, अगदी मुंगीच्या वेगातही नको. तिथून पडलेला माणूस दोन ट्यूबच्या मधून सरळ पंख्याकडे जातो. ताशी १५ किलोमीटर वेगाने २० फुटी बोट दीड सेकंदात त्याच्यावरून निघून जाते. तुमचा हात तोवर थ्रॉटलपर्यंतही पोचलेला नसतो. लहान बोटीत आत जागा कमी म्हणून मुलं बाहेर सरकतात, हेही मोठी बोट घेण्याचं एक कारण समजा. तसंच पोहताना इंजिन न्यूट्रलला नाही, बंद हवं. पंखा हे एक कारण, आणि शिडीजवळ साचणारा धुराचा कार्बन मोनॉक्साइड हे दुसरं.

वडिलांच्या गुडघ्यांसाठी बोटीची लांबी जवळजवळ निरुपयोगी आहे, पण गेटची जागा फार कामाची. तुमची बोट धक्क्याला कुठल्या अंगाने लागणार ते आधी ठरवा आणि त्या बाजूला, शक्यतो मध्यावर, रुंद गेट असलेला आराखडा निवडा. पुढच्या गेटमधून चढायचं तर पाय ठेवताना तिथला डेक दबतो, मध्यावर बोट सगळ्यात कमी हलते. डेक आणि धक्का यांच्या उंचीत वीतभराचा फरक असेल तर त्यांना आधाराशिवाय चढता येईल. जास्त असेल तर धक्क्यावर पक्की पायरी बसवा, बोटीत सुटं स्टूल ठेवू नका, ते पहिल्याच लाटेला घसरतं. गेटजवळ हाताने धरता येईल असा उभा दांडा आहे का, तेही बघा. २० आणि २२ मधून निवडताना एकीत असं गेट असेल आणि दुसरीत नसेल, तर माझं वरचं सगळं गणित बाजूला ठेवून गेटवाली घ्या, फक्त व्यास २५ चा आहे याची खात्री करून.